सरकार नको म्हणणारे सगळे एकाच पंगतीतले का?

पागडीवाला: आमच्या गिरगावातल्या चाळीच्या मालकाचा मुलगा लिबर्टेरियन आहे. म्हणतो, भाडेनियंत्रण कायदा मोडीत काढा, सरकारनं मध्ये पडू नये. दुसऱ्या मजल्यावरचे काका अराजकतावादी, त्यांनाही सरकार नकोच. तरी जिन्यात समोरासमोर आले की दोघं तोंड फिरवतात. नक्की वाकडं कुठे आहे?

चहा_कमी_साखर: दोघांनाही कर भरायचा नाही. विषय संपला.

ठाकुरद्वार_नाका: इतक्यात नाही संपला. भाडं थकलं तर खोली खाली कोण करून घेणार, हे विचारा. मालकाच्या मुलाला सरकार नको, पण कोर्टाचा बेलिफ हवा. अमेरिकन तत्त्वज्ञ नोझिकनं १९७४ साली हेच मांडलं: पोलीस, कोर्ट, करार पाळायला लावणं, एवढंच राज्य पुरे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉथबार्डला तेही नको होतं, हे सगळं खासगी कंपन्या करतील म्हणे. (म्हणजे बेलिफ मालकाच्याच पगारावर. छान!) तो स्वतःला अराजक-भांडवलवादी म्हणवायचा, पण जुने अराजकतावादी त्याला घरात घेत नाहीत. त्या जुन्यांतला पहिला, फ्रेंच विचारवंत प्रूदाँ, त्यानं १८४० मध्ये सुरुवातच 'मालमत्ता म्हणजे चोरी' इथून केली होती. राहत्या माणसाचा खोलीवरचा ताबा त्याला मान्य होता. राग होता तो न राहता भाडं खाणाऱ्यावर. काकांना वाचायला द्या.

आणि हे भांडण गिरगावच्या शेजारीच एका छपराखाली नांदलंय. सँडहर्स्ट रोडवर धनिक व्यावसायिक रणछोडदास लोटवालांचं आर्य भवन होतं. ऐन विशीतल्या कम्युनिस्ट डांग्यांना पैसा पुरवणारे तेच लोटवाला. त्यांच्या संस्थेचं नाव पुढे लिबर्टेरियन सोशलिस्ट (म्हणजे सरकार नको म्हणणारे समाजवादी) इन्स्टिट्यूट झालं आणि तिचं काम पाहायचे एम. पी. टी. आचार्य. १९२० मध्ये ताश्कंदला कम्युनिस्ट पक्ष स्थापणाऱ्यांतले, नंतर पक्के अराजकतावादी, १९५४ मध्ये मुंबईतच वारले. त्याच लोटवालांच्या आश्रयानं निघालेलं 'इंडियन लिबर्टेरियन' हे नियतकालिक मात्र खुल्या बाजाराची तळी उचलायचं.

खोताची_वाडी: सगळं खरं, पण काकांचं भाडं गोठवलंय ते सरकारी कायद्यानंच ना? तो सोडायला तयार आहेत का ते?

पागडीवाला: विचारलं. म्हणाले, आधी भाडं घेणारा जाऊ दे, मग कायदा काढा. उलट क्रमानं नाही.