‘आमेन’चे तुकडे: रीमार्क आणि फोटेक यांच्या ब्रेक-मांडणीत नेमका फरक कोठे आहे?

प्रश्न
गेले काही महिने मी ड्रम अँड बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी ब्रेक, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातील ड्रमचा तुकडा, प्रोग्रॅम करायला शिकत आहे. निर्माता रीमार्कचे १९९४ च्या सुमाराचे जंगल (ड्रम अँड बेसचे आधीचे रूप) आणि फोटेकचा १९९७ चा ‘मोडस ऑपरंडी’ हा अल्बम लागोपाठ ऐकल्यावर दोघांना एकाच प्रकारात कसे बसवायचे, हे कळेनासे होते. मी ‘आमेन’ या प्रसिद्ध ब्रेकच्या प्रत्येक बारचे (चार मात्रांच्या आवर्तनाचे) सोळा समान तुकडे करून क्रम बदलतो, तेव्हा मात्र ना तो आवेश येतो ना ती शिस्त, पत्ते पिसल्यासारखेच काहीतरी ऐकू येते.

प्रतिसाद १
आपण तुकड्यांच्या क्रमाचा विचार करत आहात. माझ्या मते तुकडा केवढा आहे आणि त्यात काय अडकले आहे, हे आधी पाहावे. ‘आमेन’ हा द विन्स्टन्सच्या १९६९ च्या ध्वनिमुद्रणातील, ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला चार बारचा, जेमतेम सात सेकंदांचा भाग आहे. त्याची गती मिनिटाला सुमारे १३७ मात्रांची असल्यामुळे टाइमस्ट्रेच (सूर न बदलता गती बदलण्याची सोय) न वापरता तो १७० च्या पुढे नेला, की सूर जवळजवळ चार सेमीटोन चढतो आणि राइड झांजेचा सलग झंकार अधिकच टोकदार होतो. प्रत्येक तुकड्यात त्या झंकाराचा अंश असतो, म्हणून क्रम बदलताच झांज तुटते. रीमार्क हे तुटणे लपवत नाही. स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) एकच तुकडा भराभर वाजवत, त्याचा सूर वरखाली करत तो त्यातूनच आवेश निर्माण करतो.

प्रतिसाद २
फोटेककडे एकेक आघात सुटा ऐकू येतो, आणि दोन आघातांमधील शांतताही मोजून ठेवल्यासारखी वाटते. तेथे कस लागतो तो हलक्या, दबक्या स्नेअरचा, म्हणजे घोस्ट नोटचा. ‘आमेन’च्या पहिल्या बारमध्ये ठळक स्नेअर पाचव्या व तेराव्या सोळांशावर (बारच्या सोळा समान भागांपैकी) आहेत, तर दबके आठव्या, दहाव्या व सोळाव्यावर, तिसऱ्या बारमध्ये शेवटचा ठळक स्नेअर अर्धी मात्रा उशिरा येतो. सुटे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर घेऊन, प्रत्येकाचा जोर वेगळा ठेवून, हे चारही बार एकदा स्वतः बांधून पाहावेत. काम कंटाळवाणे आहे, पण मला त्याच्याइतके दुसऱ्या कशानेही शिकवलेले नाही.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही मते मान्य करूनही सांगतो, की आपला दोष शैलीत नसून कापण्यात असावा. माणूस वाजवताना आघात काटेकोर सोळांशावर पडत नाहीत. समान तुकडे केले, की एखाद्या स्नेअरचे तोंड आधीच्या तुकड्यात जाते आणि उरलेला भाग बोथट होतो. कापणी आघाताच्या सुरुवातीवर करावी. अमिगा या जुन्या संगणकावरील ट्रॅकरमध्ये (आघात ओळीओळीने लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम करणाऱ्या पॅराडॉक्स या निर्मात्याचे ब्रेकही या दृष्टीने ऐकावेत. (ॲलेक्स रीसच्या १९९५ नंतर रुळलेल्या टू-स्टेप, म्हणजे साध्या किक-स्नेअरच्या, ठेक्याकडे मात्र सध्या वळू नये, तेथे ब्रेक जवळपास उरतच नाही.)

प्रश्नकर्ता
आघातांवर कापून पाहिले. तिसऱ्या बारमधील उशिराच्या स्नेअरचे तोंड खरोखरच शेजारच्या तुकड्यात गेले होते. आता झांज तुटलेली स्पष्ट ऐकू येते. ती ठेवावी की सुट्या आघातांनी सगळे नव्याने बांधावे, हे अजून ठरलेले नाही.