चित्रपट-वर्गात प्रॉक्सी बनवल्याशिवाय संकलन सुरू करू द्यावे का?

धागाकर्ता:
आमच्या नाशिकच्या वर्गातील विद्यार्थी गोदाघाटावर ४के चित्रीकरण करून येतात आणि कार्डावरच्या फाइल्स, प्रॉक्सी म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती न बनवता, तशाच संकलन-सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकतात. हे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ आटोपशीर साठवण्याच्या पद्धतींमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, शेजारच्या फ्रेमच्या तुलनेत झालेला बदल तेवढा नोंदलेला असतो. त्यामुळे क्लिपच्या मध्यावर थांबले की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सारे उलगडत यावे लागते. रामकुंडाच्या पायरीवरून पाण्यात पाय टाकण्याचा नेमका क्षण शोधताना विद्यार्थी फ्रेम पुढे-मागे करतो, चित्र अडखळते आणि कट अंदाजाने पडतो. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या संकलनाला सोयीच्या फाइल-प्रकारांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. तेव्हा आधी प्रॉक्सी, मगच संकलन.

प्रतिसाद १:
पूर्णपणे असहमत. ज्या संगणकावर चित्र अडखळते, त्याच संगणकाला तुम्ही सगळ्या फाइल्स रूपांतरित करायला सांगणार आणि तासिका त्यातच जाणार. ८-बिट ४:२:० (कमी रंगतपशिलाच्या) फाइल्स उलगडण्याची सोय आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्येच असते; प्लेबॅकचे रिझोल्यूशन निम्मे केले तरी काम भागते. शिवाय तीन मिनिटांच्या अभ्यासपटासाठी ४के हवेच कशाला?

धागाकर्ता:
१०-बिट ४:२:२ (जास्त रंगतपशिलाचे) चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यांचे काय? त्या फाइल्सना अनेक ग्राफिक्स कार्डांचा आधारच मिळत नाही. रूपांतर रात्री लावून ठेवता येते. सगळे ४के प्रोरेस ४२२ या जड प्रकारात करा, असेही मी म्हणत नाही. २५ फ्रेमच्या गतीने त्याला ताशी सुमारे २२० जीबी लागतात, तर १०८०च्या प्रोरेस प्रॉक्सीला जेमतेम १७. फक्त फाइलचे नाव, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळनोंद) आणि ध्वनीचे चॅनेल मूळ फाइलशी जुळले पाहिजेत, म्हणजे शेवटी मूळ फाइल जोडून रंगसंस्करण करता येते.

प्रतिसाद २:
मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांची अडचण दोघांच्याही बोलण्यात आलेली नाही. मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेमगतीने चित्रीकरण करतो, आणि लांब मुलाखतीत वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज हळूहळू ओठांपासून सुटू शकतो. शेवटी मूळ फाइल परत जोडायचीच असल्यामुळे प्रॉक्सीने हा दोष जात नाही. तिथे स्थिर फ्रेमगतीची, उत्तम दर्जाची नवी फाइल करून तिलाच मूळ मानावे आणि कार्डावरची प्रत जपून ठेवावी.

प्रतिसाद १:
मोबाइलपुरते मान्य. पण रात्री आपोआप प्रॉक्सी झाल्या की कोणी सगळे चित्रण बसून पाहत नाही. आधी मूळ फाइल्स पाहाव्यात, निवड करावी आणि निवडलेल्याच क्लिप रूपांतरित कराव्यात. जागाही वाचते आणि नजरही तयार होते.

धागाकर्ता:
पाहण्याचा आग्रह योग्य आहे, पण त्या टप्प्यावर फाइल्स गाळू नयेत. कॅमेरा सुरू झाल्यापासून ‘ॲक्शन’ म्हणेपर्यंतच्या दोन सेकंदांत नटी पदर सारखा करते किंवा नुसती पाण्याकडे पाहते, आणि दोन संवाद जोडताना नेमका तोच तुकडा लागतो. पहिल्या पाहणीत त्याची गरज कोणाच्याच ध्यानात येत नाही. म्हणून प्रॉक्सी सगळ्यांच्याच कराव्यात.