गाडी कंपनीला लावू का? (दहा टायरी ट्रक, 2019 मॉडेल)

हिंडलगा_दहाटायरी:
नमस्कार मंडळी. अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून काढली. दोन महिन्यांपूर्वी शेठकडचीच दहा टायरी घेतली. केए 22, नॅशनल परमिट, आरसीवर मालासकट वजन 28 टन. गाडी बीएस-4, धूर साफ करायचा युरिया न लागणारी, त्यामुळं तो खर्च नाही. कर्ज 14 लाख, चार वर्षं, हप्ता 39,000.

आता हुबळीची एक ट्रान्सपोर्ट कंपनी गाडी लावून घेतो, म्हणजे करार करून त्यांच्याच कामावर ठेवतो म्हणालीय. बेळगावकडच्या उद्यमबाग, मच्छे आणि हुबळीच्या कारखान्यांतला माल, पुण्याला आणि बेंगळूर-होसूरला. भरल्या किलोमीटरला 42 रुपये, टोल त्यांचा, महिन्याला 5,000 किलोमीटरची हमी. डिझेल त्यांच्या कार्डावर, बिलातून कापणार. अ‍ॅग्रीमेंट इंग्लिशमध्ये नऊ पानी, तीन वर्षांचं. महिन्याचे 2,10,000 होतात म्हणून घरचे खूश आहेत. मला खरं झोप लागंना. लावू का, का मार्केटात भाडी मारू?

बारा_टायरी_संकेश्वर:
भावा, झोप लागत नाही ते बरोबरच आहे. "भरल्या किलोमीटरला" हे दोन शब्द नीट वाच. हुबळीला माल भरायला बेळगावहून शंभर किलोमीटर मोकळी जाणार, होसूरला उतरवून परतीचा माल घ्यायला आणखी कुठंतरी. 5,000 भरले तर मोकळे 1,400 तरी धरच. मी माझ्या वहीत तसंच लिहितो, भरले वेगळे, मोकळे वेगळे.

आता कर हिशेब. भरलेली गाडी लिटरला 4, मोकळी साडेपाच. म्हणजे 1,250 आणि 255, मिळून 1,505 लिटर. डिझेल 90 धर, 1,35,450 रुपये गेले. उरले 74,550. हप्ता काढ, 35,550. टायर किलोमीटरला 3 रुपये, 6,400 किलोमीटरचे 19,200. राहिले 16,350. थर्ड पार्टी विमा तुझ्या वजनाच्या गाडीला वर्षाला 43,950, जीएसटी वेगळा, नॅशनल परमिटची फी 16,500. दोन्हींचे महिन्याला पाच हजार बाजूला टाकायलाच लागतात. हातात आले 11,000 च्या आसपास. ग्रीस, ऑइल, क्लच प्लेट, क्लीनरचा पगार, तुझं वाटेतलं जेवण अजून धरलेलं नाही. दुसऱ्याच्या गाडीवर तुला पगार किती होता ते आठव.

म्हणून लावू नको असं मी म्हणत नाही. माझी गाडी नऊ वर्षं लावलेलीच आहे. खरं मोकळ्याचे पैसे माग. पूर्ण देत नसतील तर निम्मा दर माग, आणि किलोमीटर कुठून कुठपर्यंत मोजणार ते गावाच्या नावासकट लिहून घे.

दुसरं हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून उभी राहिली तर त्या दिवसांचे पैसे. 2019 च्या ऑगस्टात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुण्याच्या हायवेवर आलं, पुढं कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचं. माझी गाडी तवंदी घाटाखाली सहा दिवस उभी होती. क्लीनर आणि मी चुरमुऱ्यांवर दोन दिवस काढले, मग गावातल्या बायकांनी भाकऱ्या आणून दिल्या. त्या माउलींचं नाव अजून काढतो मी. तेव्हा ज्या कंपनीला गाडी लावली होती तिनं एक रुपया हॉल्टिंग दिलं नाही. नैसर्गिक आपत्तीत भरपाई नाही, असं सातव्या पानावर होतं आणि मी न वाचता सही केली होती. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच झालं. आपल्या या पट्ट्यात पाणी रस्त्यावर येणारच, त्यामुळं ते पान आधी वाच.

आणि तीन वर्षं अजिबात बांधून घेऊ नको. अकरा महिने बास.

निपाणी_मार्केट:
मी लावलेली काढून घेतली आणि मार्केटात आलो. निपाणीतून गूळ, तंबाखू जाताना चांगलं भाडं मिळतंय. येताना मात्र बेंगळूरच्या यशवंतपुरात तीन-तीन दिवस दलालाच्या दारात बसायचं, वर कमिशन. माझ्या गाडीचा हप्ता फिटलाय म्हणून मला परवडतंय. तुझ्या 39,000 ला मी असतो तर लावलीच असती.

खानापूरची_सून:
आमच्या घरच्या दोन गाड्या लावलेल्या आहेत, हिशेब मी ठेवते. भाऊ, संकेश्वरच्या मामांनी सांगितलं त्यात एक राहिलं, ते म्हणजे वजन. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा माल दिसायला थोडा, काट्यावर जड. कायद्यात ओव्हरलोडला 20,000 दंड आणि वरच्या दर टनाला 2,000 आहे. आमच्या पहिल्या अ‍ॅग्रीमेंटात "सर्व दंड गाडीमालकाचा" होतं आणि माल भरायचा त्यांचा सुपरवायझर! मालकांनी नको म्हटलं तर पुढचं लोडिंग नाही. एकदा दंड बसला, ते पैसे मुलीच्या फीचे होते. तेव्हापासून काटा पावतीचा फोटो माझ्या मोबाइलवर आल्याशिवाय गाडी गेटबाहेर निघत नाही.

टीडीएसचं, म्हणजे बिलातूनच कापून घेतात त्या इन्कम टॅक्सचं पण बघा. दहा किंवा कमी गाड्या असणाऱ्यानं पॅनसकट लेखी पत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. आम्ही दिलं नव्हतं, वर्षभर कापत राहिले, रिटर्न भरून परत मिळवला. लहान धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणीही करून घ्या, फुकट होते. ती असली की करारात काहीही मुदत लिहिलेली असो, 45 दिवसांच्या पुढं पैसे अडवता येत नाहीत. आमचा भाड्याचा बॅलन्स आधी तीन-तीन महिने अडकायचा. एलआरची (मालाबरोबरच्या ट्रान्सपोर्ट पावतीची) सही-शिक्क्याची पोच हरवू देऊ नका, तिच्याशिवाय बिलच पास होत नाही.

हिंडलगा_दहाटायरी:
मामा, अक्का, तुमचं सगळं वहीत लिहून काल हुबळीला जाऊन आलो. इंग्लिश पानं पुतण्याकडून मराठीत वाचून घेतली. मोकळ्याला 22 रुपये द्यायला कबूल झाले, बेळगाव ते हुबळी धरून. 24 तासांनंतर दिवसाला 1,500 हॉल्टिंग. आरसीपेक्षा जास्त भरलं तर दंड त्यांचा, हे त्यांनी हातानं लिहून शिक्का मारला. पुराचं कलम काढत नाहीत, खूप बोललो. अकरा महिन्यांवर तयार आहेत. 22 नं 1,400 किलोमीटरचे 30,800 वाढतात, म्हणजे मामांच्या 11,000 चे 42,000 होतात. सही करालोय. अक्का, ते पॅनचं पत्र त्यांच्या फॉर्मवर द्यायचं का साध्या कागदावर?

खानापूरची_सून:
साध्या कागदावर चालतं. गाडीचा नंबर, पॅन, आणि दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत हे लिहायचं, सही करायची. दोन प्रती काढा, एकीवर त्यांची पोच घ्या. पहिलं बिल लागायच्या आत द्या.

बारा_टायरी_संकेश्वर:
पुराचं राहिलं ना, मग जुलै-ऑगस्टात पुण्याची फेरी घ्यायच्या आधी यमगर्णीत कुणाला तरी फोन करून पाण्याचं विचारत जा. पाणी चढत असलं तर त्या दिवशी बेंगळूरचा माल माग.