खोली लहान, संग्रह ख्यालाचा: क्वाडचे २८१२ घ्यावेत की २९१२?

केंब्रिजकर (प्रश्न)

नमस्कार. मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये केंब्रिजला राहतो. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, म्हणजे विजेचा भार दिलेल्या पातळ पडद्यातून आवाज काढणारे स्पीकर, घ्यायचे, ही इच्छा फार जुनी आहे. विद्यार्थिदशेत एका परिचितांच्या घरी क्वाड या ब्रिटिश कंपनीचे जुने, १९५७ सालच्या बनावटीचे स्पीकर ऐकले होते आणि त्यातून ऐकलेला तानपुरा अजून कानात आहे. आता दोन वापरलेल्या जोड्या समोर आल्या आहेत : एक क्वाडच्याच ईएसएल (इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर) २८१२ची आणि दुसरी ईएसएल २९१२ची. दोन्ही सुस्थितीत आहेत. किमतीत फरक आहे, परंतु केवळ त्यावर निर्णय घ्यावा इतका तो मोठा नाही.

दोन्ही एकाच घराण्यातले असल्याने कागदावर ते जवळजवळ सारखेच दिसतात. लहान स्पीकरमध्ये (२८१२) चार पॅनेल, म्हणजे पडद्याच्या चौकटी, आहेत आणि मोठ्यात (२९१२) सहा. लहान स्पीकर १०७ सेंटिमीटर उंच आहे, मोठा १४३ सेंटिमीटर, आणि रुंदी दोन्हींची सुमारे ७० सेंटिमीटर आहे. खर्जाकडे लहान स्पीकर ३७ हर्ट्‌झपर्यंत पोहोचतो, तर मोठा ३२ हर्ट्‌झपर्यंत. एका विक्रेत्याच्या दालनात मी दोन्ही ऐकले, तेव्हा मोठ्या जोडीत आवाज अधिक भरदार वाटला. ते दालन मात्र माझ्या खोलीच्या तिप्पट होते.

माझी खोली ४.२ मीटर लांब व ३.६ मीटर रुंद आहे, छत २.४ मीटरवर आहे. ऐकणे मुख्यतः ख्याल आणि ठुमरी यांचे, त्यातही मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी आणि किशोरी आमोणकर यांचे अधिक. अधूनमधून पाश्चात्त्य संगीतातले चेलो आणि पियानोही ऐकतो. ॲम्प्लिफायर ६० वॉटचा आहे. आणखी तीन-चार वर्षांत चिपळूणला कायमचे परतण्याचा विचार असल्याने स्पीकर तेथेही टिकले पाहिजेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खर्जसाधक (प्रतिसाद)

आपण दिलेल्या आकड्यांपैकी ३७ आणि ३२ हे दोन आकडे प्रथम बाजूला ठेवावेत, असे मी सुचवीन. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) धरला, तर तो सुमारे १३९ हर्ट्‌झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्‌झवर. गायिकेचा षड्ज काळी चार असेल, तर तिच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्‌झच्या आसपास असतो. चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्‌झची असते. ३२ आणि ३७ यांच्या मधल्या पट्टीत, जी जेमतेम अडीच अर्धस्वरांची आहे, आपल्या संग्रहातले जवळपास काहीच येत नाही. पियानोच्या अगदी डावीकडच्या काही पट्ट्या आणि चर्चमधला मोठा ऑर्गन एवढेच तेथे सापडेल.

मग मोठी जोडी भरदार का वाटली, हा प्रश्न उरतो. त्यासाठी या स्पीकरची रचना समजून घ्यावी लागते. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांनी ईएसएल ६३ या स्पीकरवर काम सुरू केले ते १९६३मध्ये, आणि तो विक्रीस आला १९८१मध्ये. त्यातली मुख्य कल्पना अशी होती की, सपाट पडद्याच्या मागेपुढे असलेले विद्युत्‌वाहक एकात एक बसवलेल्या कड्यांच्या रूपात करायचे आणि संगीताचा संकेत मधल्या कड्याला आधी, तर बाहेरच्या कड्यांना क्रमाक्रमाने किंचित उशिरा द्यायचा. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळे पसरत जावीत, तसा आवाज मग पडद्यावरून पसरतो आणि कानाला तो पडद्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर मागे असलेल्या एका बिंदूतून आल्यासारखा वाटतो. आपण म्हणता त्या दोन्ही मॉडेलांत मधली दोन पॅनेल हीच, याच कड्यांची आहेत. फरक आहे तो केवळ वरच्या आणि खालच्या खर्जाच्या पॅनेलांत. लहान स्पीकरमध्ये वर एक व खाली एक आहे, मोठ्यात वर दोन व खाली दोन.

म्हणजे गळा, सारंगी, हार्मोनियम आणि तानपुऱ्याची जवारी दोन्ही स्पीकर एकाच तोंडाने बोलतात. मोठ्या स्पीकरमध्ये खर्जाचे काम चार पॅनेलांत वाटले जाते. त्यामुळे प्रत्येक पडद्याला कमी हलावे लागते आणि मोठ्या आवाजात डग्गा अधिक सहज येतो. मोठ्या दालनात ही सहजता ऐकू येणारच. आपल्या खोलीत अडीच मीटरवर बसून ऐकताना तिची गरज किती पडेल, याविषयी मला शंका आहे.

उलट एक धोका दिसतो. ४.२ मीटर लांबीच्या खोलीचा स्वतःचा पहिला घुमारा ४१ हर्ट्‌झच्या जवळ असतो. हे स्पीकर पुढे आणि मागे सारखाच आवाज फेकतात, बाजूंना मात्र जवळपास काहीच फेकत नाहीत. त्यामुळे रुंदीचा घुमारा फारसा त्रास देत नाही, पण लांबीच्या दिशेशी गाठ पडतेच. लहान खोलीत खर्जाची जितकी जास्त हवा हलवाल, तितकी ती खोली त्यात आपली भर घालते.

ठाण्याचा जुना श्रोता (प्रतिसाद)

वरील तांत्रिक मांडणीशी मी बहुतांशी सहमत आहे. माझ्याकडे ठाण्यात ईएसएल ६३ची जोडी बरीच वर्षे आहे, त्यामुळे चिपळूणच्या अंगाने थोडे अनुभवाचे लिहितो.

या स्पीकरच्या पडद्यावर पाच हजार व्होल्टहून अधिक स्थिर विद्युत्‌दाब असतो. प्रवाह नगण्य असतो, पण दाब मोठा असतो. कोरड्या हवेत हा भार पडद्यावर टिकून राहतो, आणि हवेत दमटपणा वाढला, त्यात पॅनेलच्या कडांवर धूळ बसलेली असली, की तो हळूहळू झिरपू लागतो. एका जुलैमध्ये माझ्या डाव्या स्पीकरचा आवाज उजव्यापेक्षा लहान झाला आणि शांत जागी बारीक चरचर ऐकू येऊ लागली. पॅनेल गेले, असे समजून मी हबकलो होतो. खोली बंद करून वातानुकूलन यंत्र दोन दिवस कोरड्या हवेच्या पर्यायावर चालवले आणि स्पीकर विजेवर सुरूच ठेवले, तेव्हा आवाज पूर्ववत झाला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर हा नियमच केला आहे. चिपळूणचा पाऊस ठाण्याहून अधिक, तेव्हा तेथे हवा कोरडी करण्याच्या यंत्राचा खर्च आताच हिशेबात धरावा. वाशिष्ठी नदीच्या जवळ घर असेल, तर स्पीकर वरच्या मजल्यावरच ठेवावेत. जुलै २०२१चा पूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.

आता हे २८१२ आणि २९१२ यांच्या निवडीला कसे लागू पडते? पॅनेल जितकी जास्त, तितक्या दमट हवेत बिघडू शकणाऱ्या जागाही जास्त. चार आणि सहा यांतला फरक दोन स्पीकर मिळून आठ आणि बारा असा होतो. जुन्या पॅनेलांचा गोंद कालांतराने सुटतो आणि पॅनेल बदलावे लागते. माझ्या जोडीतले एक असेच बदलून घेतले आहे. हे काम स्थानिक रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होणारे नाही. आपण क्वाडच्या हंटिंग्डन गावाच्या इतक्या जवळ राहता, तर परतण्यापूर्वी जोडी पूर्ण तपासून घेण्याची सोय आपल्याला आहे, आम्हाला नव्हती.

विजेची काळजी नसावी. दोन्ही देशांत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ असल्याने केवळ प्लग बदलावा लागेल, आणि आमच्याकडचे झटके लक्षात घेता एक चांगला स्टॅबिलायझर घ्यावा.

मागच्या रांगेतला (प्रतिसाद)

२८१२ घेऊन त्याला एक वेगळा सबवूफर (केवळ खर्जासाठीचा पेटीचा स्पीकर) जोडावा, म्हणजे प्रश्नच मिटेल.

खर्जसाधक (प्रतिसाद)

मागच्या रांगेतला यांस : आपल्या सूचनेमागचा हेतू समजतो, परंतु पुढेमागे सारखा आवाज फेकणारा पडदा आणि सर्व दिशांना फेकणारी पेटी यांचा सांधा ख्यालात फार लवकर कानाला खटकतो. डग्ग्याची मींड वरून खाली येताना मध्येच दुसऱ्या जागेवरून येऊ लागते. मी हा प्रयोग करून सोडून दिला आहे.

केंब्रिजकरांच्या ॲम्प्लिफायरविषयी सांगायचे राहिले होते. ६० वॉट ८ ओहमला म्हणजे सर्वोच्च क्षणी सुमारे ३१ व्होल्ट होतात. हे स्पीकर ४० व्होल्टपर्यंतची शिखरे बिनविकृती सोसतात, त्यामुळे आपला ॲम्प्लिफायर स्पीकरला इजा करू शकणार नाही. आणि त्याची ताकद आपल्या खोलीला पुरेल.

अंतरमापक (प्रतिसाद)

दोन गोष्टींकडे अद्याप कोणी लक्ष दिलेले नाही आणि माझ्या मते निर्णय त्यांवरच व्हावा.

पहिली गोष्ट मागच्या भिंतीची. पडद्याच्या मागून निघालेला आवाज पुढच्या आवाजाच्या उलट्या कलेत असतो, म्हणजे पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची विरळ होते. तो भिंतीवर आपटून परत येतो, तेव्हा काही स्वरांशी त्याची वजाबाकी होते. स्पीकर भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर आवाजाला जाऊन-येऊन २ मीटर जादा प्रवास पडतो आणि पहिला खड्डा १७१ हर्ट्‌झच्या आसपास येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा हा जवळजवळ शुद्ध गंधार आहे. अंतर ६० सेंटिमीटरवर आणले, तर हा खड्डा २८६ हर्ट्‌झवर, म्हणजे त्याच गायकाच्या तार षड्जाच्या थोडा वर सरकतो. भिंतीवर पुस्तकांनी भरलेले कपाट असेल, तर परतणारा आवाज विस्कटतो आणि खड्डा बराच भरून निघतो. कपाटातली पुस्तके मात्र एकसारख्या उंचीची, ओळीत लावलेली नसावीत. माझ्या घरी हे काम जुन्या दिवाळी अंकांनी उत्तम केले आहे. सांगायचा मुद्दा असा की, स्पीकर पुढे-मागे सरकवून पाहण्यासाठी जागा हवी, आणि १४३ सेंटिमीटर उंचीची वस्तू लहान खोलीच्या मध्याकडे आणून ठेवण्यास घरात सहसा परवानगी मिळत नाही.

दुसरी गोष्ट बसण्याच्या उंचीची. लहान क्वाड स्टँडवर चढवावेत, असा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. तो चुकीचा नाही, पण तो खुर्चीत बसणाऱ्यांचा सल्ला आहे. खुर्चीत कान जमिनीपासून सुमारे १ मीटरवर असतो आणि लहान स्पीकरचा मध्य त्याच्या जवळपास निम्म्यावर. सतरंजीवर मांडी घालून बसलात, तर कान ७०-७५ सेंटिमीटरवर येतो. मग अडीच मीटरवरून हा फरक पाचेक अंशांचाच उरतो आणि स्पीकर किंचित मागे कललेला असल्याने तोही बराचसा भरून निघतो. म्हणून विचारतो : आपण ऐकता ते बसून कशावर?

केंब्रिजकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अंतरमापक यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आमच्या घरी सोफा आहे, पण तो पाहुण्यांसाठी. गाणे ऐकताना मी आणि आई खाली सतरंजीवरच बसतो. विक्रेत्याच्या दालनात मात्र मी उंच खुर्चीत बसलो होतो. मोठी जोडी तेथे अधिक मोकळी वाटण्यात याचाही वाटा असू शकेल, हे मला सुचलेच नव्हते.

काल फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दोन्ही मापांचे आकार तयार केले आणि भिंतीपासून एक मीटर पुढे उभे केले. मोठ्या आकाराने खिडकीचा निम्मा भाग झाकला. आईने खोलीत पाऊल टाकताच, दोन दारे काढून इथे कशाला ठेवली आहेत, असे विचारले. लहान आकाराविषयी ती काहीच बोलली नाही, आणि आमच्या घरात याचा अर्थ संमती असा होतो. खाली बसून पाहिले, तर लहान पुठ्ठ्याची वरची कड डोळ्यांच्या थोडीच वर येत होती.

त्यामुळे २८१२ घेण्याचे ठरवले आहे. शनिवारी विक्रेत्याच्या घरी जाऊन जोडी पाहणार आहे. पाहताना आणखी काही तपासावे का?

ठाण्याचा जुना श्रोता (प्रतिसाद)

योग्य निर्णय. आपण पोहोचण्याच्या आदल्या रात्रीपासून स्पीकर विजेवर जोडून ठेवण्याची विनंती विक्रेत्याला करा, म्हणजे पडद्यांवर भार पूर्ण चढलेला असेल. नंतर ॲम्प्लिफायरला एकच स्वर देऊन, किंवा एकाच गळ्याचे ध्वनिमुद्रण लावून, दोन्ही स्पीकर आळीपाळीने ऐका. एक जरी लहान किंवा बसका वाटला, तरी सौदा थांबवा. आवाज पूर्ण बंद करून प्रत्येक पॅनेलजवळ कान न्या. चरचर किंवा टकटक ऐकू येता कामा नये. पुढची जाळी काढून आत पाहण्याचा आग्रह कोणी धरला, तरी आपण तो करू नका. वीज बंद केल्यानंतरही आत दाब बराच वेळ राहतो.

आणि मूळ खोकी आहेत का, हे आधी विचारा. चिपळूणपर्यंतचा प्रवास त्यांतूनच करायचा आहे. खोकी नसतील, तर तेवढ्यासाठी भाव कमी करून मागण्यास संकोच करू नका.