विमानात पॉवर बँक: 20,000 चालते, 30,000 नाही, हे खरं का?

लोहगाव_ते_चांगी
पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन पुणे–बंगळूर आणि तिथून सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूर. घरात तीन पॉवर बँका आहेत. एक 20,000 एमएएचची, दुसरी लॅपटॉपसाठीची 30,000 ची आणि तिसरी जुनी, तिच्यावरची अक्षरं पार पुसली गेलीयेत. शिवाय कॅमेऱ्याच्या दोन सुट्या बॅटऱ्या. जो तो सांगतो, "100 च्या वर चालत नाही." पण 100 काय? 20,000 ला 5 व्होल्टने गुणून 1000 ने भागलं तर बरोबर 100 वॉट-अवर येतात. बँकेवर 20 व्होल्टही छापलेत, ते धरले तर 400! कुठली वस्तू कुठल्या बॅगेत टाकू?

डावी_भुसारी
आकडा वॉट-अवरचाच, म्हणजे आत साठणाऱ्या ऊर्जेचा, पण तुम्ही गुणताय चुकीच्या व्होल्टने. 5, 9, 20 हे यूएसबीतून बाहेर पडणारे व्होल्ट. नियम बघतो आतल्या सेलकडे, आणि तो बहुतेक वेळा 3.7 व्होल्टचा असतो. म्हणजे 20,000 × 3.7 ÷ 1000 = 74 वॉट-अवर. तुमची 30,000 वाली 111 वर जाते.

100 पर्यंत कुणाला विचारावं लागत नाही. 100 ते 160 मध्ये विमान कंपनीची आधी मंजुरी लागते, आणि तीही माणशी जास्तीत जास्त दोन नगांना. 160 च्या वर प्रवाशाला नाहीच. बाजारात 26,800 किंवा 27,000 असे विचित्र आकडे का दिसतात, ते आता कळेल: 99.16 आणि 99.9.

एक गोंधळ अजून. बँकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत "रेटेड कपॅसिटी 12,000" असं काहीतरी असतं. ते 5 व्होल्टला प्रत्यक्ष हाती येणारं, 3.7 चे 5 करताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. तो आकडा दाखवून 30,000 वाली आत नेता येत नाही. बँकेवर वॉट-अवर थेट छापलेले असतील तर गणित करतच बसू नका, तोच आकडा धरा.

केबिन_की_कार्गो
बॅगेचं उत्तर सोपं आहे: पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत एकही नाही, 5,000 ची छोटीसुद्धा नाही. मालाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडून ज्वाळा दबते, पण तापलेला सेल त्याने गार होत नाही. तो शेजारच्या सेलला तापवतो आणि आग पुन्हा उठते. केबिनमध्ये ती निदान लगेच दिसते आणि क्रू पाणी ओतून सेल गार करू शकतो.

लोक नेमके फसतात ते गेटवर. एटीआरसारखं छोटं विमान असलं किंवा वरचे कप्पे भरले, की तुमची ट्रॉली खाली मालात टाकायला मागतात. तेव्हा बँक आणि बॅटऱ्या आधी बाहेर काढायच्या. म्हणून त्या ट्रॉलीच्या तळाशी नकोतच. खांद्यावरच्या पिशवीत एका पाउचमध्ये ठेवा.

अक्षरं पुसलेली तिसरी नेऊ नका. क्षमता वाचता आली नाही तर सुरक्षा तपासणीत ती काढून ठेवतात आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो. मार्करने लिहिलेलं कुणी धरत नाही. सोडायला आलेले लोक टर्मिनलच्या दाराबाहेरच असतात, त्यामुळे "घरी घेऊन जा" म्हणून द्यायलाही कुणी नसतं.

सीट_14_सी
नेणं आणि वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे वर राहून गेलं. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उभ्या जागी पेटलं आणि संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर कंपन्यांनी भराभर नियम आवळले. सिंगापूर एअरलाइन्समध्ये 1 एप्रिल 2025 पासून बँकेवर फोन चार्ज करायचा नाही आणि सीटच्या यूएसबीला बँकही लावायची नाही. आपल्याकडेही डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, विमानात बँकेने चार्जिंग करायला मनाई केलीय. एमिरेट्स तर 1 ऑक्टोबर 2025 पासून माणशी एकच नेऊ देते, तीही 100 च्या आतली. प्रवासात दोन कंपन्या असतील तर जिचा नियम कडक, तो सगळ्या प्रवासाला धरा.

बँक वरच्या कप्प्यात नको; पुढच्या सीटखाली, हाताशी. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांना टोपी नसेल तर धातूच्या पट्ट्यांवर वायरमनची चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येकीला वेगळी झिपची पिशवी. किल्ल्या, सुटे पैसे आणि बॅटरी एका कप्प्यात म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रण. बटणाने चालू होणारी बँक गच्च बॅगेत दाबली जाणार नाही असं बघा.

आई-बाबांना हेही सांगून ठेवा: फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करायची नाही, क्रूला बोलवायचं. यंत्रणेत फोन चेपला की बॅटरी पेटू शकते.

लोहगाव_ते_चांगी
मग 20,000 वाली माझ्याकडे, 30,000 घरी. बाबांचा ट्रिमर चेक-इनमध्ये चालेल ना? आणि ती जुनी मधोमध थोडी फुगल्यासारखी वाटतेय.

केबिन_की_कार्गो
ट्रिमरची बॅटरी आत बसवलेली असते, त्यामुळे चालतो. मात्र पूर्ण बंद हवा आणि चुकून सुरू होणार नाही असा बांधलेला. जमलं तर तोही हातातच ठेवा. यूएसबी चार्जिंगवाली ट्रॉली असेल तर तिच्यातली बँक काढून घ्या. निघत नसेल तर ती ट्रॉली चेक-इनला देऊ नका.

फुगलेलीला आता चार्जरच लावू नका. टोचून हवा काढायला जाऊ नका आणि घंटागाडीत तर अजिबात टाकू नका, कचरा दाबताना पेटते. गादी-पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे "बॅटरी फुगलीय" असं सांगून द्या.