ड्रोन शिकताना काय काय आपटलंत? (अनुभव धागा)

उडाणटप्पू
काल संध्याकाळी मागच्या मैदानावरून ती ओळखीची घूंऽऽ ऐकू आली, मोहोळ उठल्यासारखी, आणि हातात रिमोट नसताना माझा उजवा अंगठा आपोआप उजवीकडे सरकला. चार वर्षं झाली, अंगठा विसरत नाही.

झालं काय, पहिले दोन दिवस ड्रोनची पाठ माझ्याकडे, नाक समोर. माझं उजवं तेच त्याचं उजवं, मस्त चाललं होतं. तिसऱ्या दिवशी हौस आली, कॅमेऱ्यात मी दिसायला पाहिजे. वळवला तोंडाकडे. तो हळूहळू माझ्या डावीकडच्या झाडाकडे सरकायला लागला म्हणून मी रिमोटची काडी उजवीकडे दाबली, तर हा अजूनच झाडाकडे! मग घाबरून अजून जोरात दाबली. पुढचं सांगायला नको, पानांचा भुगा आणि दोन पंखे गेले.

नंतर एका जाणकाराने विचारलं, "दोन्ही अंगठे उचलले का नाहीस? जीपीएसवाला आहे, आहे तिथेच थांबला असता." हे एवढं सोपं उत्तर मला त्या तीन सेकंदांत सुचलं नाही. तुमचं काय काय झालं, लिहा.

घाईत_आहे
सेम टू सेम. फक्त झाडाच्या जागी कपड्यांची दोरी. आणि म्हणे याला अडथळे दिसतात! दोऱ्या, तारा, पानं झडलेल्या बारीक फांद्या यातलं काही दिसत नाही त्याला. आणि स्पोर्ट मोड (सुसाट पळवायचा) लावला असेल तर माझ्यावाल्यात ते सेन्सरच बंद होतात, हे मला भिंतीने सांगितलं.

जुनी_चप्पल
टप्पूभाऊ, "अंगठे उचला" सगळ्यांना सांगत सुटू नका हां. आमचा खेळण्यातला होता, जीपीएस बिपीएस काही नाही. काड्या सोडल्या की साहेब वाऱ्याबरोबर निघाले फिरायला. खाली वारा अजिबात नव्हता हो, कुंपणाच्या वर गेला आणि मग कळलं वर किती आहे ते. शेजारच्यांच्या पत्र्यावर सापडला. शेजाऱ्यांशी तेव्हा बोलणं बंद होतं, ड्रोनमुळे सुरू झालं.

घाईत_आहे
@जुनी_चप्पल बोलणं का बंद होतं ते लिहा आधी

जुनी_चप्पल
ते वेगळा धागा काढून.

सावलीतली
मी झाडाखाली उभी राहून उडवत होते कारण स्क्रीनवर ऊन येतं, काही दिसत नाही. बॅटरी कमी झाली म्हणून आणला जवळ, झाडाखालीच, आणि वाटलं आता उतरवायचं कशाला आपण, घरी परतायचं बटण दाबू, उतरेल स्वतःच. आधी तो सेट केलेल्या उंचीपर्यंत सरळ वर जातो हे माहीतच नव्हतं!! गेला की फांद्यांत. अजून तिथेच आहे, दोन महिने झाले. रोज येता जाता बघते, तोही बघत असेल.

पंखेवाले_काका
पोरांनो, पंखे बसवताना बघून बसवा. चारातले दोन घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात, दोन उलटे. खूण असते, ती चश्म्याशिवाय दिसत नाही. मी अदलाबदल केली, मोटार सुरू केली, तर जागच्या जागी कोलांटी मारून गवतात डोकं खुपसलं. मी आठवडाभर कंपनीला शिव्या देत होतो. चूक नातीने दाखवली, वय वर्षे नऊ. आणि घरात बसून सेटिंग बदलताना पंखे काढूनच ठेवा, बोट कापायला एक क्षण पुरतो.

मनीमाऊची_आई
विषयांतर होतंय पण कोणाची मांजर ड्रोनला घाबरत नाही का? आमची सोफ्याखाली गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर नाही. घरातच उडवलेला, चकचकीत फरशीवर, तो एका जागी थांबेना, सारखा सरकत होता. तिला वाटलं तिच्याच मागे लागलाय.

पंखेवाले_काका
@मनीमाऊची_आई फरशीमुळेच झालं ते. घरात जीपीएस मिळत नाही, मग तो पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमीन बघून जागा धरतो. चकचकीत किंवा एकरंगी जमीन असली की गोंधळतो. पाण्यावर खाली खाली उडवलं तरी तेच. नक्षीचं जाजम टाकून बघा.

मनीमाऊची_आई
जाजमावर मनी बसते काका 😄

अर्ध्यात_आलो
कपडे वाळत घालता घालता लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. जाताना वारा पाठीशी होता, काय पळत होता, मी खूश, स्क्रीनवर निम्मी बॅटरी दिसतेय म्हणजे निम्मा वेळ आहे असा हिशोब केला आणि परत फिरवला तर समोरून वारा, काडी पूर्ण दाबलीये आणि अंतर काही कमी होईना, ४० टक्के, ३०, २२, मग तो ओरडायला लागला आणि मी पण. शेवटी दूरच्या शेतात स्वतःच उतरला. ॲपमध्ये शेवटची जागा दिसते आणि तिथे जाऊन बीप वाजवता येतो म्हणून सापडला. तेव्हापासून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जातो, येताना वारा पाठीशी.

सावलीतली
"तो ओरडायला लागला आणि मी पण" 🤣🤣

नियमावली
सगळे मजेत आहात पण एक सांगते. २५० ग्रॅमच्या आतला घेतला की नियम लागू नाहीत हा गैरसमज आहे. काही देशांत नोंदणीतून सूट मिळते, पण विमानतळाजवळ, गर्दीवर उडवायची सूट नाही. उंचीची मर्यादा बहुतेक ठिकाणी १२० मीटर, आणि ड्रोन डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे, स्क्रीनवर नव्हे. कुठे उडवता येतो, कुठे नाही, याचा आपापल्या देशाचा नकाशा आधी बघा.

घाईत_आहे
ताई, माझा १२० मीटर जातच नाही, दोरीपर्यंतच जातो.

उडाणटप्पू
😂 तोंडाकडे वळवल्यावरचा गोंधळ कोणाचा कसा गेला? माझा फोनवरच्या सिम्युलेटरमुळे गेला, रोज पंधरा मिनिटं नुसते आठचे आकडे काढायचो.

पंखेवाले_काका
मी ड्रोन तोंडाकडे असला की काडी ज्या बाजूला तो पडतोय त्याच बाजूला दाबतो, पडणाऱ्याला खालून टेकू द्यावा तसं. एवढं एकच लक्षात ठेवलंय.

उडाणटप्पू
काका!! हे चार वर्षांपूर्वी कुठे होतात?

सावलीतली
अपडेट: काल रात्रीच्या वाऱ्याने पडला खाली!!! एक पाय मोडलाय, बाकी धड दिसतोय. बॅटरी मात्र फुगलीये, चार्ज करून बघू का?

अर्ध्यात_आलो
नाही नाही नाही! दोन महिने पाऊसपाण्यात होती ती. चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्यातही टाकू नका. पेटेल असं काही जवळ नको, घराबाहेर काढून ठेवा आणि बॅटऱ्या जमा करतात तिथे द्या.

सावलीतली
बापरे, कपाटात ठेवलेली. आले

मनीमाऊची_आई
ठेवलीत का बाहेर? सांगा हो

सावलीतली
ठेवली, अंगणात, विटांवर. आता त्या झाडाकडे बघून चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.