मोडाफिनिलसारख्या औषधांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मालाडला रात्रपाळी करणाऱ्या मुलामुलींसाठी मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. मोडाफिनिल, आर्मोडाफिनिल या ‘वेकफुलनेस प्रमोटिंग’, म्हणजे जागं ठेवणाऱ्या, गोळ्यांना आधी ‘जागृतिवर्धक’ लिहिलं. वाचून एकाने विचारलं, ही कसली जनजागृती मोहीम? ‘निद्रानाशक’ चालेल का?

उत्तर : अजिबात नको. निद्रानाश हे आजाराचं नाव आहे, शिवाय याच गोळ्यांचा तो एक दुष्परिणाम आहे. ‘उत्तेजक’ही टाळा. मोडाफिनिल ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या खेळाडूंसाठीच्या बंदी यादीत आहे हे खरं, पण त्या शब्दाने रुग्णाला उगाच गुन्हेगार ठरवल्यासारखं होतं.

आपल्याकडे ‘पेंग’ हा नेमका शब्द आहे. झोप आणि पेंग वेगळी. झोप आपण घेतो, पेंग नको असताना येते: अंधेरीला चढून दादर येईपर्यंत उभ्याउभ्या मान पडते, ती पेंग. डॉक्टर ही औषधं देतात तीही तिच्यासाठीच. नार्कोलेप्सी या झोपेच्या विकारात दिवसा अनावर येणारी, झोपेत श्वास अडखळतो त्या स्लीप अ‍ॅप्नियात श्वासाचं मशीन लावूनही उरलेली, किंवा रात्रपाळीच्या कामामुळे जडलेली. म्हणून मी ‘पेंगनिवारक’ म्हणेन. देशी शब्दाला संस्कृत शेपूट कशाला, असं कुणी म्हणेल. पण ‘डासनिवारक’ आपण मुकाट्याने चालवतोच.

प्रश्न : पण मुलांना वाटतं, गोळी घेतली की झोपेची गरजच उरत नाही.

उत्तर : म्हणूनच नावात ‘पेंग’ हवी, ‘झोप’ नको. गोळी पेंग हटवते, झोपेची थकबाकी फेडत नाही. निम्मं औषध शरीराबाहेर जायला साधारण १२ ते १५ तास लागतात. रात्री नऊला घेतलेली गोळी सकाळी घरी पडल्यावरही अंगात असते आणि हक्काची झोप खाते. डोकेदुखी, मळमळ, धडधड, बेचैनी होऊ शकते. अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. क्वचित ते जिवावर बेततं. आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना सांगितली जाते: गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम या औषधामुळे कमी होतो, ते बंद केल्यावरही महिनाभर. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेणारीला हे कोण सांगणार?

प्रश्नकर्ती : मथळा ‘पेंग घालवणाऱ्या गोळ्या’ करते, ‘पेंगनिवारक’ आत वापरते. गर्भनिरोधकाची ओळ पहिल्या पानावर, ठळक.